ब्राउन्स–ईगल्स सराव सामना, शनिवारी रात्री साडेदहा: नक्की कुणाकडं बघायचं?

उद्यमबागचा_बाबा | ११ ऑगस्ट २०२५, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. हा अमेरिकन फुटबॉल मला अर्धाच कळतो, हे आधीच सांगून टाकतो. चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा, इथवर पोचलोय.

लेक दोन वर्षांपूर्वी क्लीव्हलंडला शिकायला गेली. सुरुवातीला फोन म्हणजे "जेवलीस का", "थंडी किती आहे", "पैसे आहेत का" आणि मग दोन्हीकडं गप्प. मागल्या वर्षी ती तिथल्या ब्राउन्स संघाच्या नादाला लागली. मग मीही लागलो, निदान बोलायला तरी काही मिळेल म्हणून. ब्राउन्सचं हेल्मेट नुसतं भगवं, त्यावर चिन्ह-बिन्ह काही नाही. साऱ्या एनएफएल लीगमध्ये असला हा एकच संघ. बेळगावच्या माणसाला तेवढं कारण पुरतंय. गेल्या हंगामात यांनी ३ सामने जिंकले आन् १४ हरले, सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत तर आजवर एकदाही पोचलेले नाहीत, हे सगळं मागनं कळलं. खरं तोवर नाद लागला होता.

परवा शनिवारी, नारळी पौर्णिमेला, पहाटे साडेचारला उठून पँथर्सविरुद्धचा सामना बघितला. बायको म्हणाली, बहीण दहाला येणार आहे, आत्तापासून काय हात पुढं करून बसताय? ब्राउन्स ३०–१० जिंकले. नवखा क्वार्टरबॅक (म्हणजे पास फेकणारा) शेड्युअर सँडर्सनं २३ पैकी १४ पास पोचवले, १३८ यार्ड, दोन टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाऊन). मी एकटाच हॉलमध्ये टाळ्या पिटतोय. लेकीला फोन केला तर ती थंडपणे म्हणते, "बाबा, हे कुठं धरत नाहीत."

आता १६ तारखेला फिलाडेल्फियात ईगल्सशी आहे. आपल्याकडं रात्री साडेदहा, म्हणजे माणसासारखी वेळ. खरं निकाल धरायचा नाही, मुख्य खेळाडू खेळणार नाहीत, मग बघायचं काय? नव्वद जण घेतलेत, ठेवणार त्रेपन्न, एवढं ऐकलंय. माझ्या वर्कशॉपात एका लेथला चार टर्नर ठेवले तर तिघं चहा पीत बसतील. यांनी एका जागेला चार-चार क्वार्टरबॅक कशाला ठेवलेत, ते जाणकारांनी जरा सांगा. रविवारी सकाळी लेकीचा फोन येतोय. त्याआधी मला चार शहाणपणाची वाक्यं पाहिजेत.

---

रात्रपाळी_निपाणी | १२ ऑगस्ट, पहाटे ३.४०

काका, मी रात्रभर जागीच असते (अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं तपासायचं काम), म्हणून हा खेळ कळायला लागला. ऑफिसात पैज लावून संघ बनवायचा खेळ चालतो, त्यात मी दोनदा शेवटून पहिली आलेय. तेव्हा माझं कितपत ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची लेक खरं बोलली. २०१७ ला याच ब्राउन्सनी सराव सामने चारच्या चार जिंकले आणि पुढं खऱ्या हंगामात १६ पैकी १६ हरले. २००८ ला डेट्रॉइट लायन्सचंही डिट्टो असंच झालेलं. तेव्हा शनिवारी स्कोअर दिसतो त्या कोपऱ्यावर स्टिकर चिकटवा.

बघायची आहे ती तारीख. २६ ऑगस्टला तिथल्या दुपारी चारपर्यंत नव्वदचे त्रेपन्न करायचे. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असेल, तारीख २७, म्हणजे गणेश चतुर्थी. आपण इकडं मखराचे शेवटचे दिवे लावत असू आणि तिकडं ३२ संघांतनं प्रत्येकी ३७ घरी जाणार. गुणाकार करा, ११८४ होतात. त्यातले प्रत्येक संघाचे सोळा-सतरा परत सरावाच्या तुकडीत घेतले जातात, पगार बराच कमी. पण त्याआधी एक गोष्ट होते. ज्यांची लीगमध्ये चार वर्षं भरलेली नाहीत, त्यांना सोडलं की बाकीचे संघ त्यांच्यावर हक्क सांगू शकतात. आधी मान गेल्या हंगामात वाईट खेळलेल्यांचा, म्हणून ब्राउन्स रांगेत दुसरे आहेत. (हरण्याचा एवढा तरी फायदा.) त्यामुळं शनिवारी धडपडणारा पोरगा फक्त आपल्या कोचसाठी खेळत नसतो, बाकीचे ३१ संघही तेच रेकॉर्डिंग बघत असतात.

आता तुमचे चार टर्नर.

जो फ्लॅको ४० वर्षांचा आहे. बाल्टिमोरकडून सुपर बोल जिंकला, त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याला अशा सामन्यात उतरवणं म्हणजे नवी कोरी गाडी चोर्ला घाटात पावसात शिकाऊ ड्रायव्हरच्या हातात देणं. केनी पिकेटची मांडीमागची शीर दुखावलीय. मजा म्हणजे तो याच ईगल्सकडून मार्चमध्ये आला आणि त्याच्या बदल्यात ब्राउन्सनी आपला डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन तिकडं पाठवला. तो डोरियन शनिवारी माहेरच्यांविरुद्ध खेळेल असं दिसतंय. मूळचा क्वार्टरबॅक देशॉन वॉटसनचा अकिलीस (टाचेमागची शीर) एकदा नाही, दोनदा फाटला, म्हणून तर एवढी गर्दी.

राहिले दोन नवखे. ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीनं कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात, त्यात) डिलन गॅब्रिएल तिसऱ्या फेरीत ९४ वा घेतला, सँडर्स पाचव्या फेरीत १४४ वा. एकाच ड्राफ्टमध्ये एकाच संघानं दोन क्वार्टरबॅक घेणं तसं क्वचितच. सँडर्स पहिल्या फेरीत जाणार असं सगळे म्हणत होते, त्यामुळं तोच गाजतोय. गॅब्रिएलही मांडीमागच्या शिरेमुळं परवा बाहेर होता, म्हणून सँडर्सला सुरुवात मिळाली. आता यार्ड मोजू नका. समोर कोण उभं आहे ते बघा, कारण तिसऱ्या फळीतल्या बचावपटूंना चकवून काढलेले १३८ यार्ड आणि पहिल्या फळीसमोरचे ६० यार्ड यांत ६० भारी. आणि स्नॅप (पायांमधून मागं दिलेला चेंडू) मिळाल्यावर हातातनं चेंडू सुटायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. "एक बेळगाव, दोन बेळगाव" म्हणेपर्यंत गेला तर चांगला. तिसऱ्या बेळगावाला तो माणूस जमिनीवर असतो.

पण काका, माझं ऐकाल तर क्वार्टरबॅकच्या मागं लागूच नका. ते टीव्हीवाले दाखवतातच. खरी मारामारी यादीच्या तळाला असते, पन्नासाव्या-एक्कावन्नाव्या जागेला. परवा सँडर्सचे दोन्ही टचडाऊन कुणी पकडले आठवतंय? केडन डेव्हिस. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. रिसीव्हरांत, म्हणजे पास झेलणाऱ्यांत, जेरी ज्यूडी, सेड्रिक टिलमन यांच्या जागा पक्क्या आहेत, त्यांच्याखाली एक-दोनच जागा उरतात आणि त्यासाठी डेव्हिससारखे पाच-सहा जण. आणि त्या जागा पास झेलून मिळत नाहीत, पळून मिळतात. पंट मारला (चेंडू लाथेनं लांब मारून समोरच्याला दिला) की लांब टोकावरून सुसाट जाऊन चेंडू घेणाऱ्याला पाडणारा जो असतो ना, तो. कोच पाचवा रिसीव्हर निवडताना आधी विचारतो, हा किकऑफला (सुरुवातीच्या किकेला) पळतो का? यंदा तर किकऑफ शेवटच्या पट्ट्यात मारून मोकळं झालात तर समोरच्याला थेट ३५ यार्डावरून सुरुवात मिळते, गेल्या वर्षी ३० होती. त्यामुळं चेंडू घेऊन पळणं-पाडणं आणखी वाढणार.

माझी रीत सांगते. एक नंबर निवडायचा आणि पूर्ण सामना फक्त त्याच्याकडं बघायचं, चेंडू कुठंही असो. मध्यंतरानंतर तर नक्कीच. मध्यंतरानंतर अर्धे लोक टीव्ही बंद करतात, तेव्हाच खरं सुरू होतं.

---

कॅम्पातला_गोली | १२ ऑगस्ट, दुपारी १.०५

हातानं खेळायचं, बगलेत मारून पळायचं, आन् नाव फुटबॉल. आम्ही लेले ग्राउंडवर पायांनी खेळलो ते काय होतं मग?

आठवड्याला सामना एक. मध्येच थांबत्यात, गोल करून कुजबुजत्यात, परत थांबत्यात. आमच्या वेळी कोल्हापूरच्या पेठेतली टीम आली की नव्वद मिनिटं रेफ्रीलासुद्धा श्वास घ्यायला वेळ नव्हता. असो. तुमचं चालू द्या.

एक विचारू का? तो एक माणूस येतोय बघा, पायानं मारून जातोय. तेवढाच आमच्यातला दिसला. त्याला पण स्पर्धा असती का?

---

रात्रपाळी_निपाणी | १३ ऑगस्ट, पहाटे २.२०

मामा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ब्राउन्सचा किकर डस्टिन हॉपकिन्स. २०२३ ला ३६ पैकी ३३ फिल्ड गोल (खांबांमधून जाणाऱ्या किका) मारले. २०२४ ला २७ पैकी १८. तोच माणूस, तेच पाय! आता त्याच्यासमोर आंद्रे श्मिट नावाचा पोरगा उभा केलाय, ज्यानं लीगच्या खऱ्या सामन्यात अजून एकही किक मारलेली नाही. या जागेला दुसरा-तिसरा असं काही नसतं. एकच जागा, दोन माणसं.

---

कॅम्पातला_गोली | १३ ऑगस्ट, रात्री १०.४०

३३ वरनं १८? हे मला कळतंय.

आज दुपारी नातवाच्या मोबाइलवर त्याच्या किका बघितल्या. चेंडू मागं फेकणारा एक, धरून उभा करणारा एक, मारणारा एक. फेकल्यापासून पाय लागेपर्यंत सव्वा सेकंद, फारतर थोडं जास्त. धरणाऱ्याचा हात जरा उशिरा पडला तरी मारणाऱ्याची लय गेली. तेव्हा पडलेल्या सगळ्या किका त्याच्या एकट्याच्या खात्यावर मांडू नका. आणि अंतर मोजायची यांची रीत पण समजून घेतली. चेंडू २० यार्डावर असला तरी किक ३८ ची धरत्यात, कारण गोलाचे खांब आणखी १० यार्ड मागं आन् मारणारा स्वतः सात-आठ यार्ड मागं उभा.

मी गोलात उभा असायचो तेव्हा पेनल्टी मारणाऱ्याचे पाय बघायचो नाही. बॉल ठेवतो कसा, ते बघायचो. मागच्या सामन्यात चुकलेला माणूस बॉल दोनदा ठेवायचा. एकदा ठेवणार, दोन पावलं मागं जाणार, परत येऊन शिवण फिरवणार. तो दिसला की मी निवांत. शनिवारी या हॉपकिन्सचं तेवढं बघा आणि मला सांगा. मी नाही बघणार, मला साडेनऊला झोप येते.

---

खानापूरची_ताई | १४ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. खरं ते अकराशे चौऱ्याऐंशी वाचून थांबले.

माझा धाकटा भाऊ भरतीला गेला होता. इकडं मराठा लाईट इन्फंट्रीत जाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षं पहाटे चारला उठून, पावसाळ्यात रेनकोट न घालता, नंदगड रोडला पळायचा. सोळाशे मीटर पहिल्या गटात आला. शेवटच्या यादीत नाव नव्हतं. त्यानं ती यादी मोबाइलवर इतक्यांदा वरखाली केली की आईनं शेवटी फोन काढून घेतला. आता तो हुबळीला एका गोदामात आहे, बरा आहे.

त्या पोरांना सांगतात कसं? यादी लावतात का?

---

रात्रपाळी_निपाणी | १४ ऑगस्ट, सकाळी ७.५५ (झोपायला जाता जाता)

ताई, यादी नंतर सगळ्या जगाला दिसते. त्याआधी संघाचा एक माणूस सकाळी येऊन खेळाडूला हळूच सांगतो, "कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये." प्लेबुक घेऊन ये म्हटलं की समजायचं. आता कागदाच्या वहीऐवजी टॅबलेट असतो, पण वाक्य तेच राहिलंय म्हणे. त्या माणसाला तिकडं 'टर्क' म्हणतात आणि त्या दिवसांत तो समोरून आला की पोरं रस्ता बदलतात.

तुमच्या भावाला एक नाव सांगा, व्हिक्टर क्रूझ. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. २०१० ला सराव सामन्यात जेट्सविरुद्ध एकाच रात्री तीन टचडाऊन. तारीख १६ ऑगस्टच होती. पुढच्याच हंगामात जायंट्सचा सगळ्यात जास्त यार्डांचा रिसीव्हर तो आणि संघ सुपर बोल जिंकला. असे फार थोडे, हेही सांगायला पाहिजे. पण आहेत.

---

उद्यमबागचा_बाबा | १५ ऑगस्ट, दुपारी १२.१०

झेंडावंदन करून आलो. घोटाळा झालाय.

काल सकाळी लेकीचा मेसेज, नुसता रडका चेहरा. बुधवारी फिलाडेल्फियात दोन्ही संघांचा एकत्र सराव चालू असताना चेंडू फेकता फेकता सँडर्सचा कमरेवरचा, बाजूचा स्नायू दुखावला. कुणी धक्का दिलेला नाही, काही नाही. फेकताना! गॅब्रिएल बरा झालाय, सुरुवात तोच करणार. मी चार दिवस सँडर्सवर अभ्यास करून बसलेलो, तो गेला बाराच्या भावात.

निपाणीच्या पोरी, तुला एक विचारायचंय. हे एकत्र सराव कशासाठी? तीन दिवसांनी सामना असताना आदल्या बुधवारी त्याच संघाशी मारामाऱ्या कशाला? आमच्या गल्लीत मंडळाचा सामना असला की आदल्या दिवशी समोरच्या मंडळाला तोंडसुद्धा दाखवत नव्हतो.

आणि एक बारकी गोष्ट. लेकीकडं २४ नंबरची जर्सी आहे, चेंडू घेऊन पळणाऱ्या निक चबची. मागल्या थंडीत तिनं मला फोटो पाठवला होता, स्वेटरवर जर्सी चढवलेली. तो यंदा ह्यूस्टनला गेला. त्याच्या जागी दुसऱ्या फेरीत जडकिन्स म्हणून घेतला, त्याचा अजून करारच नाही. चौथ्या फेरीतला डिलन सॅम्पसन आणि जुना जेरोम फोर्ड, यांच्यावर भागवायचं. लेक म्हणते नवी जर्सी घेणार नाही. बरं झालं, स्वस्त नसत्यात त्या.

---

रात्रपाळी_निपाणी | १६ ऑगस्ट, पहाटे ४.१५

काका, एकत्र सरावातच कोचचं खरं काम होऊन जातं. तिथं क्वार्टरबॅकला हात लावायची बंदी असते, प्रसंग ठरवून घेता येतात. तिसरा डाव, आठ यार्ड बाकी, चला, तोच दहा वेळा खेळा. शिटी मारली की थांबायचं. मुख्य खेळाडूंची परीक्षा बुधवार-गुरुवारीच झाली, म्हणून शनिवार धाकट्यांना मोकळा. ईगल्स तर फेब्रुवारीत चीफ्सना ४०–२२ नं हरवून सुपर बोल जिंकलेत, त्यांचा पहिला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स कशाला घाम गाळेल? गेल्या सामन्यात त्यांच्या टॅनर मॅकीनं २५ पैकी २० पास पोचवले, तो मुळात राखीव आहे. बाकी त्यांच्याकडं सहाव्या फेरीतला काइल मकॉर्ड आहे.

सँडर्स बाहेर म्हणून हळहळू नका, उलट गॅब्रिएल बघायला मजा आहे. डावखुरा आहे. डाव्या हातातनं सुटलेला चेंडू उलटा फिरतो, झेलणाऱ्यांच्या हातात वेगळा बसतो, त्याला सरावलेले नसले तर निसटतो. उंची सहा फुटांना थोडी कमी, म्हणून समोरच्या धिप्पाड लोकांच्या डोक्यावरून बघायला तो खिशातनं (भोवतीच्या रक्षकांच्या कड्यातनं) बाजूला सरकतो का, ते बघा. एखादा पास हुकला तर आधी रिप्ले बघा. फेकणाऱ्याचं चुकलं की झेलणाऱ्यानं वळण चुकीचं घेतलं, हे पहिल्यांदा बघताना कधीच कळत नाही. समालोचकालासुद्धा. नंतर टायलर हंटली येईल, त्याला या महिन्यातच ऐनवेळी बोलावून घेतलाय. चाळीस दिवसांचं काम चार दिवसांत पाठ करून खेळणारा माणूस कसा दिसतो ते त्याच्यात दिसेल.

आणि कॅम्पातल्या मामांसाठी, हॉपकिन्सनं बॉल किती वेळा ठेवला ते मी मोजते. (मामा, बॉल धरणारा ठेवतो, किकर नुसती जागा दाखवतो. पण तुमचा मुद्दा कळला. किती वेळा जागा बदलून दाखवतो ते मोजते.)

---

कॅम्पातला_गोली | १६ ऑगस्ट, सकाळी ११.००

जागा दाखवतो म्हणजे तेच की. मोज.

आज दुपारी झोपून घेतो. बघू, जमलं तर.

---

उद्यमबागचा_बाबा | १६ ऑगस्ट, रात्री १०.०८

गल्लीत दहीहंडीची आवराआवर चाललीय, डॉल्बी आत्ताच बंद झाला. संध्याकाळपासून वीज तीनदा गेली, म्हणून लॅपटॉप चार्ज करून ठेवलाय आणि मोबाइलचं नेट जोडलंय. डॅझोनवर (सामने दाखवणारं ॲप) गेम पास घेतलाय, पैसे लेकीनं भरले. बायको म्हणाली, मीही बघणार. तिला म्हटलं, चेंडूकडं बघायचं नाही, एक नंबर धरायचा. ती म्हणाली, मग मी तो पाणी घेऊन पळणारा पोरगा धरते, त्याला तरी कोण काढणार नाही.

लेकीशी आत्ता बोललो. तिच्याकडं दुपारचे साडेबारा वाजलेत, चार मैत्रिणी जमल्यात. आमचं ठरलंय. मी डेव्हिस घेतला, तिनं श्मिट. २७ तारखेला पहाटे यादी लागली की ज्याचा माणूस आत, तो जिंकला. ती हरली तर तिनं दिवाळीपर्यंत दर रविवारी स्वतः स्वयंपाक करून मला फोटो पाठवायचा. मी हरलो तर पुढच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचे आई-वडील तिकडं जाणार आहेत, त्यांच्या सामानात दोन किलो कुंदा घालायचा. त्यांची बॅग आधीच २३ किलो भरलीय असं ऐकतोय. ते मग बघू.

खानापूरच्या ताई, भाऊ जागा असला तर त्याला म्हणावं, दुसऱ्या अर्ध्यात पंट मारल्यावर कडेनं पळणाऱ्याकडं बघ.

लाइट गेली परत. लॅपटॉप चालू आहे.